किती माणसं, किती वर्षं

माझा स्वभाव संशयी आहे हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे, मलासुद्धा. सरकारी नोकरीतली उभी हयात दुसऱ्यांच्या बिलांवर आक्षेप काढण्यात गेली. ऑडिटमध्ये माणूस पहिल्यांदा हेच शिकतो, की जो कागद फार नीटनेटका दिसतो तो आधी उलटून बघायचा. त्यामुळे ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, एवढ्याशा पोर्टा केबिनच्या कचऱ्याचा विचार केबिन यायच्या आधीच सुरू केला, तेव्हा माझे कान टवकारले. माणूस आधी खिडकी कुठे, पलंग कुठे, ते बघतो. हे बघत होते की केर कुठे जाणार.

तसं ह्यांच्या बाबतीत ते अगदीच विचित्र नव्हतं. हे सरकारी इंजिनियर, तेही गटारांचे. ह्यांच्या नोकरीभर आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहिलो. शेजारी बंगाली, तमिळ, ओडिया, आणि कोणाचंही मोरीचं पाणी तुंबलं की आमची बेल वाजायची. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि गाझियाबादच्या बाजूला चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तिथे सकाळी दाराबाहेर पिशवी ठेवायची, ती नाहीशी होते. कुठे जाते, कोण नेतं, काही पत्ता नाही. ह्यांना त्याचाच राग. स्वतःचा कचरा कुठे जातो हे माहीत नसलेला माणूस म्हणजे अडाणी, असं ह्यांचं मत.

मग ह्यांच्या जुन्या ऑफिसातल्या काही जणांनी मिळून पानिपतच्या अलीकडे हायवेपासून आत थोडी जमीन घेतली, तिचे तुकडे पाडले, भोवती भिंत आणि फाटक केलं. एक तुकडा आमचा, त्यावर ती तयार केबिन आणून बसवायची होती. पुण्याला बहिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, तिकडे मराठी माणसाचं कधी भलं झालंय का, आणि खो खो हसत सुटली. मी हसले नाही. माझ्या मते हे ह्यांचं रिटायरमेंटचं खेळणं होतं. आठवड्याचे दोन दिवस जायचं, चार वांगी लावायची आणि पाठ धरून परत यायचं.

नाश्त्याला बसलं की कचरा सुरू. भाजीची देठं आणि सालं मातीच्या माठांत, एकावर एक ठेवलेल्या. भांडी घासलेलं पाणी नळीतून केळीच्या आळ्यात. प्लास्टिक, काच, डबे असलं काहीही तिथे जाळायचं नाही, पुरायचं नाही, पोत्यात भरून गाडीच्या डिकीतून परत दिल्लीला आणायचं. मी म्हटलं, दुधाच्या पिशव्या मी धुऊन वाळवते, त्या दोरीवर तिथेही टांगीन, पण डिकीत वास आला तर बघा. हे म्हणाले, बिल्कुल नाही येणार. एवढ्या लगेच कबूल झाले, तेव्हाच खरं तर माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

राहिला प्रश्न संडासाचा. तिथे सरकारी गटार नाही, शोषखड्डाच हवा. ह्यांनी सुरुवातीला छोटासा खड्डा ठरवला होता, शनिवार-रविवारपुरता.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या तुकड्याचे मालक गेले. ह्यांच्याबरोबर एकाच खोलीत बसून नोकरी केलेले गृहस्थ. त्यांचं तिथलं घर आमच्या आधी उभं राहिलं होतं. ते गेल्यावर त्यांची बायको एकटीच तिथे राहायला गेली. म्हणाली, दिल्लीत भिंती अंगावर येतात. महिन्याभरात त्यांचा खड्डा भरला. वरचं झाकण तिला हलेना. तिने फोन करून टँकर बोलावला. त्या लोकांनी सगळं उपसलं आणि नेऊन गावातल्या एका शेताच्या पाटात सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी गावची माणसं तिच्या फाटकाशी. तिने काही केलं नव्हतं बिचारीने, पण घाण तिची होती ना. ती आत कडी लावून बसली, आम्हाला फोन केला. आम्ही पोचेपर्यंत माणसं बोलून बोलून गेली होती. ती मात्र त्यानंतर तिथे राहिली नाही. घराला कुलूप घातलं आणि मुलाकडे गेली. आता ती जागा विकायला काढली आहे.

त्या दिवशी परत येताना हे गाडीत एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, मित्राची आठवण येत असेल. पण त्यानंतर नाश्त्याच्या वेळचा कचरा बंद झाला. विचारलं तर "चाललंय" एवढंच. केबिन ट्रकवरून येऊन विटांच्या जोत्यावर बसली, तीही मला न दाखवता. एरवी खिळा ठोकायचा तर चार वेळा हाक मारणारे हे गृहस्थ मधल्या वारी एकटेच गाडी काढून जायला लागले. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मी म्हटलं, आज मीही येते. हे म्हणाले, अच्छा, चल, पण ऊन आहे हं, तुला त्रास होईल. मला उन्हाचा त्रास होतो हे ह्यांना लग्नानंतर एवढ्या वर्षांनी एकदम आठवलं होतं.

तिथे मिस्त्री आला होता, खड्ड्याचं माप घ्यायला. मी केबिनच्या सावलीत उभी होते, पलीकडच्या बाजूला. दोघं मला दिसत नव्हते, पण ऐकू येत होतं. मिस्त्रीने विचारलं, साहेब, कितने आदमी, कितने साल? त्यांचा हा नेहमीचा प्रश्न. त्यावरच खड्डा केवढा ते ठरतं. किती माणसं वापरणार आणि किती वर्षं तो उपसायला लागू नये.

ह्यांनी क्षणभरही विचार केला नाही.

"एक आदमी. रोज का. और बीस साल तक खोलना न पड़े."

चुकून एक म्हणाले असतील, असं म्हणायलाही जागा नव्हती. ज्या माणसाने आयुष्यात एका मॅनहोलचं माप चुकवलं नाही, तो माणसं मोजताना चुकेल? आणि रोज. म्हणजे शनिवार-रविवार नव्हे. कोणीतरी इथे कायमचं राहायला येणार होतं, एकटं, वीस वर्षं.

मी काही विचारलं नाही. पुरावा हातात यायच्या आधी प्रश्न विचारला की समोरचा सावध होतो, हे मला कोणी शिकवायला नको. परतीच्या वाटेवर ह्यांनी ढाब्यावर पराठे मागवले, मी चहासुद्धा घेतला नाही. हे म्हणाले, ऊन लागलं ना, मी सांगत होतो. मनात म्हटलं, बरोबर आहे, ऊनच लागलं.

घरी आल्यावर मी एकेक गोष्ट मांडायला लागले. केबिनमध्ये पलंग एक. भिंतीला कपड्यांची खुंटी एक. ओल्या कचऱ्याची बादली मी पाहिली होती, ती एवढीशी, खेळण्यातली वाटावी अशी. दोन माणसांची सालं-देठं त्यात मावणारच नाहीत. सगळा हिशोब एकाचा होता. ह्यांना माझ्यापासून सुटका हवी होती, आणि सरळ तोंडाने सांगायची हिंमत नव्हती. एवढी वर्षं माझे आक्षेप ऐकले, आता शांतपणे केळी आणि वांगी बघत बसायचं. मी चौदाव्या मजल्यावर, हे जमिनीवर. मला इतका राग आला की दोन दिवस मी ह्यांच्या पोळ्यांना तूप लावलं नाही. ह्यांनी तक्रार केली नाही, त्याचाही मला संशय आला.

मुलीला फोन केला. ती इथेच वाढलेली, मुनिरकात मैत्रिणींबरोबर खोली घेऊन शिकली, आता बंगलोरला असते. तिचं मराठी अर्धं हिंदी. तिला मी नीट सांगितलं की बाबा वेगळे राहायचं ठरवतायत. ती म्हणाली, आई, यार, तुला काय म्हणायचंय, बाबांचं अफेअर आहे? त्यांना जिना चढताना गुडघ्याला पट्टा लागतो. मी म्हटलं, मी असं कुठे म्हटलं? पण तिने म्हटल्यावर तेही डोक्यात शिरलं.

आणि त्याला पुरावाही मिळाला. दोन दिवसांनी घरी हे मिस्त्रीशी फोनवर बोलत होते, मी चहाचा कप घेऊन दाराशी. तिकडच्या जागेत तुळशीच्या कट्ट्याजवळ एक वेगळा लहानसा खड्डा ठेवायचा होता, संडासाच्या आणि मोरीच्या पाण्यापासून लांब, वरच्या अंगाला. मिस्त्रीने बहुतेक विचारलं असावं कशासाठी, कारण हे म्हणाले, पूजा के फूल के लिए. वो बाकी कचरे में नहीं जाते.

निर्माल्य! आमच्या ह्यांना देवाशी देणंघेणं नाही. गणपतीत आरतीला उभे राहतात ते प्रसादावर डोळा ठेवून. घरची पूजा मी करते, निर्माल्य मी वेगळं ठेवते, उष्ट्या-खरकट्याला लागू देत नाही, त्यावरून हे मला वर्षानुवर्षं चिडवत आले. फूल ते फूल, कुजल्यावर त्याला काय कळतं, असं म्हणायचे. आणि आता ह्यांनाच निर्माल्याची काळजी? एकट्या माणसाच्या जागेत? मग हा एक माणूस हे नव्हतेच. पूजा करणारी, फुलं वाहणारी, सोवळ्याओवळ्याची कोणीतरी बाई होती. मी शेजारच्या तुकड्यावरच्या त्या वहिनींपासून सुरुवात करून ओळखीतल्या सगळ्या देवभोळ्या बायका आठवून पाहिल्या. हसू नका. संशयाला वय नसतं आणि मला तेव्हा हसूही येत नव्हतं. कपबशी हातात तशीच राहिली आणि चहावर साय धरली.

छडा लावायचा ठरवला. ओटा बसवायला कारागीर येणार आणि त्याच दिवशी खड्डा खणायला सुरुवात होणार, हे मला ह्यांच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं होतं. सकाळी हे निघाले तेव्हा मी साडी नेसून, पर्स घेऊन आधीच गाडीत बसले होते. हे बघतच राहिले. मी म्हटलं, ऊन नाही आज, चला.

पोचलो तेव्हा मिस्त्रीने जमिनीवर चुन्याच्या फक्कीने वर्तुळ आखलं होतं. लहान. एका माणसाचं. हे त्याच्याशी बोलायला थांबले आणि मी सरळ केबिनमध्ये शिरले, झडती घ्यायला. ओटा बसवून झाला होता, कारागीर सिमेंट पुसत होता. मी त्याला बाहेर पाठवलं. नळ सुरू करून पाहिला. पाणी नीट जातंय का बघायला सिंकमध्ये हात घातले, आणि सवयीने पायाने खाली पाट शोधायला लागले.

हा पाट कोणाला माहीत नसेल म्हणून सांगते. मी बुटकी आहे. सरकारी क्वार्टरचे ओटे कोण्या उंच माणसाच्या मापाने बांधतात देव जाणे. लग्न होऊन दिल्लीला आले त्या दिवसापासून मी ओट्यापाशी पाटावर उभी राहून स्वयंपाक केला. क्वार्टर बदललं की आधी पाट जायचा. आताच्या फ्लॅटमध्येही आहे. माझं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं.

इथे पाट नव्हता. आणि लागत नव्हता. माझी कोपरं ओट्याला बरोबर टेकत होती, खांदे वर ओढावे लागत नव्हते. मी तशीच उभी राहिले, नळ चालू. ह्यांच्यासारख्या सहा फुटी माणसाला इथे भांडी घासायला कंबरेत वाकावं लागलं असतं.

मग मी खाली ठेवलेली ती खेळण्यातली बादली उचलली. माझा उजवा खांदा दोन वर्षं धरलाय, भरलेली बादली मला उचलवत नाही. ही मी डाव्या हाताने उचलली, पाण्याने भरून पुन्हा उचलली. सहज. खुंटीकडे पाहिलं. ती माझ्या हाताला लागेल एवढ्यावर होती. एक पलंग, एक खुंटी, एक बादली. निर्माल्याचा खड्डा.

मला रडू आलं का? आलं असतं, पण त्याआधी तळपायाची आग मस्तकात गेली. मी दारात जाऊन ह्यांना हाक मारली. हे आले. माझ्या हातात बादली बघून त्यांना कळलं असावं, कारण ते दाराच्या आत आले नाहीत.

"तो एक माणूस म्हणजे कोण?" मी विचारलं.

हे बराच वेळ चुन्याने माखलेला हात रुमालाला पुसत राहिले. मग म्हणाले, "तू."

मी म्हटलं, आणि तुम्ही? त्यावर हे जे बोलले ते असं होतं, जणू मिस्त्रीला माप सांगतायत. मी आठ वर्षांनी मोठा आहे. बायका तशाही जास्त जगतात. तुझी आई किती वर्षांची होऊन गेली आठव. माझ्यामागे तू चौदाव्या मजल्यावर राहायची नाहीस. क्वार्टर सोडलं त्या दिवशी तू जिन्यात म्हणाली होतीस, मला आभाळात मरायचं नाही, पायाखाली जमीन हवी. म्हणून ही जागा घेतली. शेजारच्या वहिनींचं काय झालं ते तू बघितलंस. झाकण उचललं गेलं नाही म्हणून बाई घर सोडून गेली. तुझ्या फाटकाशी कोणी येता कामा नये. वीस वर्षं तुला कोणाला बोलवायला लागणार नाही असं करून ठेवतोय.

मी जिन्यात तसं म्हटलं होतं? म्हटलं असेल. सामान बांधून कंबर मोडली होती, माणूस काहीही बोलतं. ह्यांनी ते धरून ठेवलं आणि त्यावर जमीन घेतली आणि मला ताकास तूर लागू दिली नाही. मी ज्याला खेळणं समजत होते ते माझं घर होतं, आणि त्यात हे नव्हते.

पण संशय काही लगेच जात नाही. मी विचारलं, डॉक्टरांनी काही सांगितलंय का. हे म्हणाले, नाही. मी म्हटलं, माझ्या डोळ्यांत बघून सांगा. बघून सांगितलं. म्हटलं, मुलीची शपथ. तीही घेतली. मला पटलं नाही. सोमवारी सगळ्या तपासण्या करायच्या आणि रिपोर्ट आणायला मी बरोबर येणार, हे तिथल्या तिथे कबूल करून घेतलं. रिपोर्ट पुढे ठीक आले. साखर थोडी जास्त निघाली आणि तेव्हापासून मिठाईचा डबा माझ्या कपाटात असतो.

पण हे नंतरचं. त्या क्षणी डोक्यात एकच होतं. इतकी वर्षं एका ताटाशेजारी ताट मांडून जेवलेला माणूस माझं म्हातारपण आखत होता आणि त्या आखणीतून स्वतःला वजा करून बसला होता. इतक्या शांतपणे, की मिस्त्रीने विचारल्यावर उत्तर तोंडावर तयार. मला विचारायची गरज नाही, सांगायची गरज नाही. माझं मेलं सगळं आयुष्य आक्षेप काढण्यात गेलं आणि सगळ्यात मोठा आक्षेप घ्यायची गोष्ट माझ्या पाठीमागे मंजूर झाली होती.

मी बादली खाली ठेवली, ह्यांना बाजूला सारून बाहेर गेले. मिस्त्री फावडं घेऊन वर्तुळाशी उभा होता. पहिला घाव घालायचा बाकी होता.

"भैया, दो आदमी," मी म्हटलं. "बीस साल."

त्याने ह्यांच्याकडे पाहिलं. माप साहेबांनी दिलं होतं, बाई कोण बदलणार. हे माझ्यामागे येऊन उभे राहिले होते. हळूच म्हणाले, अगं, इथे जमिनीतलं पाणी वर आहे, खोल जाता येत नाही, दोघांचा करायचा तर बराच रुंद करावा लागेल, वांग्यांची जागा जाईल. मी म्हटलं, मला वांगी आवडत नाहीत. खोटं होतं ते, आणि ह्यांना माहीत होतं. मग म्हणाले, दोघांना वीस वर्षं म्हणजे मी किती वर्षांचा होईन, हिशोब केलास? मी म्हटलं, हिशोब मला शिकवू नका.

ह्यांच्या आखणीवर कोणी बोट ठेवलेलं ह्यांना चालत नाही. बदलीची धमकी आली तरी ह्यांनी एकदा काढलेली रेघ कधी बदलली नव्हती. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, वांग्यांच्या जागेकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, खाली बसले. जुन्या वर्तुळावरची फक्की तळव्याने पुसली. वर्तुळाच्या मधोमध ठोकलेल्या खुंटीची दोरी सोडून लांब केली, आणि बसल्या बसल्या सरकत सरकत, पांढरी फक्की सोडत, नवं वर्तुळ आखलं. मिस्त्री मदतीला वाकला तर त्याला हाताने थांबवलं. पूर्ण फेरी झाल्यावर माझ्याकडे वर बघितलं. डोळे ओले होते. म्हणाले चुना गेला.

मी ह्यांच्या खिशातला मोजायचा टेप काढून घेतला, त्याचं एक टोक मिस्त्रीच्या हातात दिलं आणि वर्तुळ या कडेपासून त्या कडेपर्यंत स्वतः मोजलं. दोघांचंच होतं. मी पुन्हा एकदा मोजलं.